छावा कुणाचा? सिंहांच्या कळपाची वंशावळ अशी लावतात

अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या बाजूच्या गावांत अजूनही अधूनमधून हेळवी येतो. ओसरीवर बसतो, जाड वही उघडतो आणि घरातल्या म्हाताऱ्यालाही आठवत नसलेली खापरपणजोबांची नावं घडाघडा वाचून दाखवतो. कुणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक गेला, कोण कुठल्या गावाहून इकडे येऊन राहिला, सगळं नोंदलेलं. मागच्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं चढवायची, धान्य-पैसे घ्यायचे आणि पुढचं गाव गाठायचं. रानातल्या सिंहांचा अभ्यास करणारे लोक नेमकं हेच काम करतात. फक्त तिथे "हा माझा" असं सांगणारं कुणी नसतं, आणि वही बापाच्या नव्हे, आईच्या बाजूने चालते.

आपल्या जिल्ह्यात सिंह नाही. नान्नजला माळढोकासाठी राखलेल्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, पण शाळांमधून वन्यजीव सप्ताहात बोलायला गेलं की पोरं फिरून फिरून सिंहावरच येतात. सातवीतल्या एका मुलीने गीरचा फोटो बघून विचारलं होतं, "सर, एवढी पिल्लं एकाच आईची का? आणि त्यांचे पप्पा कोणते, ते कसं कळतं ओ?" या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना पंचवीसेक वर्षं लागली. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत मात्र पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतात: हा राजा, ही त्याची राणी, हे राजपुत्र. ते ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

आधी कळप म्हणजे काय ते नीट पाहू. आफ्रिकेतल्या सिंहांच्या कळपाचा गाभा माद्यांचा असतो: आई, तिच्या मुली, बहिणी, मावश्या, मावसबहिणी, नाती. मुली सहसा जन्मल्या त्याच कळपात राहतात. कळप फार मोठा झाला तर त्यातल्या काही जणी बाहेर पडतात, पण एकेकट्या नाही. बहिणी-बहिणी मिळून शेजारीच नवा कळप मांडतात. मुलगे दोन ते चार वर्षांचे झाले की त्यांना जावंच लागतं. ते भाऊ-भाऊ, चुलत-मावस मिळून भटकतात, अंगात बळ आलं की दुसऱ्या एखाद्या कळपावर चाल करून जातात, तिथल्या नरांना हुसकावतात आणि स्वतः बसतात. नरांच्या या युतीत दोघे असतात, तिघे असतात, कधी आठ-नऊसुद्धा. पण त्यांचा मुक्काम सहसा दोन-तीन वर्षं. मग त्यांच्याहून दांडगे कुणीतरी येतात. म्हणजे जमीन पिढ्यान्‌पिढ्या सिंहिणींची आणि नर येऊन-जाऊन. टांझानियातल्या सेरेंगेटीत काही कळपांचं घराणं असं आजी-आई-नात या ओळीने कित्येक पिढ्या मागे नेता येतं.

हे कळण्यासाठी पहिली गरज म्हणजे प्रत्येक सिंह वेगळा ओळखता येणं. वाघाला पट्टे आहेत, बिबट्याला ठिपके. सिंहाला काय? सगळे एकाच मातकट रंगाचे. कान फाटलेला, शेपटीचा गोंडा तुटलेला, एक सुळा गेलेला अशा खुणांवर सुरुवातीला काम चालायचं, पण कान उद्या आणखी फाटतो आणि खूण बदलते. १९७० साली पेनीक्विक आणि रुडनाई या दोन संशोधकांनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांवरून एक पद्धत मांडली, ती आजही चालते. सिंहाच्या ओठावर मिशा जिथून उगवतात तिथे काळे ठिपके असतात, रांगांमध्ये. त्यातल्या वरच्या पूर्ण रांगेच्याही वर एक-दोन, कधी चार-पाच सुटे ठिपके असतात. ते सुटे ठिपके खालच्या रांगेतल्या कितव्या ठिपक्याच्या डोक्यावर येतात, एवढंच बघायचं. डाव्या गालावर एक नक्षी, उजव्या गालावर दुसरी, आणि छावा असल्यापासून मरेपर्यंत ती बदलत नाही.

प्रत्यक्षात हे काम असं चालतं. प्रत्येक सिंहाचं एक कार्ड. त्यावर तोंडाचं दोन्ही बाजूंनी छापलेलं रेखाचित्र. जीप थांबवायची, दुर्बीण लावायची आणि वाट बघायची. सिंह दिवसातले अठरा-वीस तास लोळत पडलेला असतो, आणि नेमका हवा तो गाल जमिनीला टेकवून. त्याने कूस बदलली, मान वर केली, जांभई दिली की तेवढ्यात ठिपके मोजायचे, कार्डावर टिंबं द्यायची, फोटो घ्यायचा. मग कानाच्या खाचा, नाकाचा रंग. लहानपणी नाक गुलाबी असतं आणि वय वाढेल तसं काळ्या ठिपक्यांनी भरत जातं. पाच-सहा वर्षांच्या पुढे निम्म्याहून जास्त काळं होतं. त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. सेरेंगेटीत १९६६ साली जॉर्ज शॅलर यांनी हे काम सुरू केलं, १९७८ पासून क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्युझी यांनी ते पुढे नेलं, आणि कार्डांचा तो गठ्ठा पुढे काही हजार सिंहांचा झाला. गीरमध्येही मिशांच्या ठिपक्यांवरूनच ओळख पटवली जाते.

ओळख पटली. आता आई कोण?

हे सोपं वाटतं. जिच्या अंगाला छावा पितो ती आई. इथेच गाडी अडते. सिंहीण व्यायला कळपापासून दूर, झुडपात किंवा खडकांच्या कपारीत जाते आणि पहिले महिना-दीड महिना छाव्यांना तिथेच लपवून ठेवते. कळपात आणते तेव्हा तिथे तिच्या बहिणींचे, भाच्यांचे छावे आधीच असतात, कारण एका कळपातल्या माद्या बऱ्याचदा आगेमागे व्यायलेल्या असतात. सगळे एकत्र वाढतात आणि कुणालाही पितात. प्युझी आणि पॅकर यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा लक्षात आलं की सिंहीण काही एवढी उदार नसते. ती आपल्या छाव्यांना पुढे करते, दुसऱ्याच्या छाव्यावर गुरकावते. पण ती डुलकी घेत असली की शेजारणीची पोरं हळूच येऊन दूध पिऊन जातात. म्हणजे एका दिवसाच्या निरीक्षणावरून आई ठरवली तर वही पहिल्याच पानावर चुकायची.

गीरमध्ये तर २०१८ च्या डिसेंबरात एक सिंहीण स्वतःच्या दोन छाव्यांबरोबर चक्क बिबट्याचं पिल्लू पाजताना दिसली. पिल्लू जेमतेम दोन महिन्यांचं. तिने त्याला शिकारीवर बसू दिलं, तिचे छावे त्याच्याशी खेळले. दीडेक महिन्याने ते मेलं, तेही जन्मजात व्यंगामुळे. कुणी मारल्यामुळे नव्हे. इथे पिल्लाचा रंगच वेगळा होता म्हणून कळलं. छावा सिंहाचाच पण शेजारणीचा असता तर? म्हणून आई ठरवायला आधीपासूनच्या नोंदी लागतात: कुठली सिंहीण पोटुशी दिसत होती, कुठली कधी गायब झाली, साधारण ११० दिवस मागे मोजलं तर तेव्हा ती कुणाबरोबर होती, परत आली तेव्हा आचळं कशी होती, किती छावे बरोबर होते. एवढ्यावर आई बहुतेक वेळा पक्की ठरते.

बाप ठरवणं मात्र नुसत्या डोळ्यांनी जमत नाही. माजावर आलेली सिंहीण आणि नर चारेक दिवस एकमेकांना सोडत नाहीत. दिवसरात्र, दर वीस-तीस मिनिटांनी संग होतो. बघणाऱ्याला वाटतं, आता काय शंका उरली! पण बहुतेक वेळा त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. शिवाय चार दिवसांत एक नर बाजूला झाला आणि त्याचा भाऊ पुढे आला, असंही होतं. रात्री काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं.

इथे डीएनए कामाला येतो. त्याची गंमत समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. प्रत्येक प्राण्याच्या डीएनएत काही ठरावीक जागा अशा असतात की तिथे एक छोटासा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो. कुणात तो १२ वेळा, कुणात १८ वेळा. अशा प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आता समजा, सिंहिणीचे आकडे आहेत १२ आणि १५. छाव्याचे आहेत १२ आणि १८. मग १२ आईकडून आला आणि १८ बापाकडून यायलाच हवा. कळपात दोन नर आहेत. पहिल्याचे आकडे १४ आणि १८, दुसऱ्याचे १३ आणि १६. दुसऱ्याकडे १८ नाहीच, तो बाद. पहिला बाप असू शकतो. 'असू शकतो' एवढंच, कारण १८ आकडा रानात इतरही नरांकडे असेल. म्हणून हीच तपासणी दहा-पंधरा-वीस जागांवर करायची. सगळीकडे जुळत गेला तर संशयाला जागा उरत नाही. म्हणजे डीएनए आधी बाप दाखवत नाही, जे बाप नाहीत त्यांना एकेक करून वगळतो.

अडचण भावांची. दोन सख्खे भाऊ बापाच्या जागेचे उमेदवार असतील तर त्यांचे निम्मे आकडे तसेही सारखे असतात. मग जागा वाढवाव्या लागतात. गीरमध्ये ही डोकेदुखी आणखी मोठी, कारण तिथले सगळे सिंह गेल्या शतकाच्या सुरुवातीला उरलेल्या मोजक्या सिंहांची प्रजा. विविधताच कमी, त्यामुळे अनोळखी नरांचे आकडेही एकमेकांशी जुळतात. नमुना कुठून मिळतो? पूर्वी सिंहाला भुलीचा बाण मारून रक्त घ्यायचे; आता केस किंवा विष्ठेवरूनही काम भागतं. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएच्या ठशांची पद्धत शोधली. भारतात लालजी सिंग यांनी हे तंत्र उभं केलं, ते आपल्यापासून तीनशेएक किलोमीटरवर, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत. धोक्यातल्या प्रजातींसाठी त्या संस्थेची वेगळी प्रयोगशाळाच आहे.

१९९१ साली पॅकर, गिल्बर्ट, प्युझी आणि ओब्रायन यांनी सेरेंगेटीच्या कार्डांना डीएनएची जोड देऊन निकाल छापला. माझ्या मते सिंहांविषयी आजवर कळलेल्या गोष्टींत सर्वांत मोलाचं तेच. तीन गोष्टी निघाल्या.

कळपातल्या सगळ्या माद्या खरोखरच एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. हे अपेक्षितच होतं. दुसरी गोष्ट, तपासलेल्या छाव्यांचे बाप कळपात बसलेल्या नरांपैकीच निघाले. बाहेरचा कुणी चोरून बाप झालेला नव्हता. तिसरी गोष्ट खरी चक्रावणारी. मोठ्या युतीत, म्हणजे चार किंवा त्याहून जास्त नर असतील तर, ते सगळे नातेवाईकच असतात. परके नर एकत्र आलेले दिसतात ते दोघा-तिघांच्या युतीतच. आणि छाव्यांची वाटणी पाहिली तर दोघांच्या युतीत ती बऱ्यापैकी समान, पण युती मोठी झाली की एक-दोघेच बहुतेक छाव्यांचे बाप, आणि बाकीच्यांच्या वाट्याला एकही नाही.

मग तो बिनपोरांचा नर तिथे राहतो कशाला? मारामारीत तोही जखमी होतोच की. इथे हिशोब मांडावा लागतो. बापाचा निम्मा अंश पोरात जातो. सख्ख्या भावाच्या पोरात काकाच्या अंशाचा चौथा हिस्सा सापडतो. एकटा सिंह सहसा कळप जिंकू शकत नाही. जिंकला तरी फार टिकत नाही. म्हणजे एकटं राहून शून्य, आणि भावांना साथ देऊन पुतण्यांतून थोडंथोडं का होईना पुढे जाणं. नातं असेल तर हा सौदा परवडतो. परक्यांसाठी राबून शून्य छावे मिळणार असतील तर कशाला राहील कुणी? म्हणून परके येतात ते दोघा-तिघांच्या लहान युतीतच, जिथे बऱ्यापैकी वाटा मिळण्याची शक्यता असते. सिंह बसून असं गणित करत नाही, हे उघड आहे. ज्यांची वागणूक या हिशोबात बसली त्यांचेच वंशज आज दिसतात, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. पैदाशीतलं यश म्हणजे किती छावे जन्मले हे नव्हे. निम्म्याहून जास्त छावे दोन वर्षांच्या आत मरतात: उपासमार, तरस, रानम्हशी, आजार. पहिल्या वर्षातले साधारण पाव मृत्यू होतात ते नव्या नरांच्या तोंडून. नवी युती आली की ती आधीच्या नरांचे लहान छावे मारून टाकते. आमच्या आत्याने हे टीव्हीवर पाहिलं आणि चॅनेल बदलायला लावलं. "मेल्या, लेकरांनी काय केलं होतं तुझं?" तिचा राग योग्यच आहे, पण आकडे बघा. छावे अंगावर असलेली सिंहीण दीड-दोन वर्षं माजावर येत नाही. नराचा मुक्कामच दोन-तीन वर्षांचा. तो थांबला तर त्याचे छावे जन्मतील तोवर त्याला हुसकावणारे दारात उभे असतील. छावे गेले की सिंहीण काही दिवसांत पुन्हा माजावर येते. सिंहीणही मात्र गप्प बसत नाही. बहिणी मिळून नव्या नरांवर तुटून पडतात, कधी एखादी मोठ्या छाव्यांना घेऊन महिनोन्‌महिने बाहेर राहते. आणि नवे नर आल्यावर संग चालू असूनही चार-पाच महिने गर्भ राहत नाही. जणू आधी हे नर टिकतात का ते बघते.

म्हणून संशोधक यश मोजतात ते दोन वर्षांपर्यंत जगलेल्या छाव्यांवर, आणि जमलं तर नातवंडांवर. एकाच हंगामात तीन बहिणींना मिळून सात मुलगे झाले आणि जगले, तर ते सात जण पुढे मोठी युती करून निघतील, कळप जिंकतील. तेवढ्याच सिंहिणींचे मुलगे एकेक करून वेगवेगळ्या वर्षी झाले तर ते एकटे पडतात आणि बहुधा संपतात. जन्मांचा आकडा सारखा, नातवंडांचा जमीन-अस्मानाचा फरक. सिंहीण चौथ्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा विते आणि चौदा-पंधराव्या वर्षी थांबते. तिच्या आयुष्याचा पूर्ण हिशोब लावायचा तर कार्ड लिहिणाऱ्यालाही तेवढं थांबावं लागतं.

सिंहिणींच्या बाबतीत आणखी एक वेगळेपण आहे, ते नान्नजच्या लांडग्यांशी ताडून पाहिलं की नीट कळतं. लांडग्यांच्या टोळीत सहसा एकच जोडी विते. बाकीचे बहुतेक त्यांचीच मोठी पोरं असतात आणि धाकट्यांना सांभाळतात. तिथे वंशावळ लावणं तुलनेने सरळ. सिंहिणींत मात्र अशी कुणी पट्टराणी नाही. कळपातली प्रत्येक वयात आलेली मादी विते आणि कुणी कुणाला अडवत नाही. नरांत इतकी विषम वाटणी आणि माद्यांत इतकी समान, हे एकाच कळपात!

गीरला आल्यावर चित्र पुन्हा बदलतं. तिथे भक्ष्य प्रामुख्याने चितळाएवढं, त्यामुळे मोठ्या घोळक्याचं पोट भरत नाही. सिंहिणी दोघी-तिघींच्या गटात आणि नर त्यांच्यापासून वेगळे राहतात; संगाच्या वेळी किंवा मोठी शिकार झाली तरच एकत्र दिसतात. एका नराच्या इलाक्यात सिंहिणींचे अनेक गट, आणि एका गटाच्या इलाक्यात नरांच्या अनेक युत्या. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी गीरमधल्या ओळख पटलेल्या सिंहांवर काम करून दाखवलं की जोडीतला वरचढ नर सत्तर टक्क्यांहून जास्त संग पटकावतो, खाण्यातही मोठा वाटा घेतो. २०१९ साली त्यांनी सिंहिणींची बाजू मांडली. गीरची सिंहीण एकाच युतीवर थांबत नाही. शेजारच्या, एकमेकांशी वैर असलेल्या युत्यांमधल्या नरांशीही संग करते. मग छावा कुणाचा हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, आणि आपलाच असेल या शक्यतेने नर त्याला हात लावत नाही. सेरेंगेटीत बाप कोण याचा तपास कळपातल्या नरांपुरता असतो, गीरमध्ये सिंहीणच तो मुद्दाम अवघड करून ठेवते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे विचारणाऱ्यांना सेरेंगेटीजवळचं न्गोरोंगोरोचं विवर दाखवावं. १९६२ साली तिथे अतिवृष्टीनंतर चावऱ्या माश्यांचा असा सुळसुळाट झाला की सिंह जखमांनी आणि उपासमारीने मेले. दहाएक उरले. नंतर बाहेरून सात नर आत आले आणि मग दारच बंद झालं. पुढे कित्येक वर्षं विवरातल्या नरांनी बाहेरच्यांना टिकू दिलं नाही. जुन्या काळातल्या पर्यटकांच्या फोटोंमधल्या मिशांच्या ठिपक्यांवरून संशोधकांनी मागची साखळी जुळवली, तेव्हा पुढची सगळी शंभरेक डोकी जेमतेम पंधरा पूर्वजांची निघाली. १९८७ साली वीर्य तपासलं गेलं. सेरेंगेटीच्या नरांत सदोष शुक्राणू साधारण पाव, विवरातल्यांत निम्मे, आणि गीरच्या वंशातल्या, जुनागढच्या सक्करबागेतल्या नरांत दोन-तृतीयांश.

तरीही गीरचे सिंह वाढले: २०१५ साली ५२३, २०२० मध्ये ६७४, २०२५ मध्ये ८९१. म्हणजे विविधता कमी म्हणून पैदास लगेच बंद पडत नाही. दणका बसतो तो साथीत. सगळ्यांची घडण सारखी असेल तर एकाला जे झेपत नाही ते कुणालाच झेपत नाही. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूच्या साथीने काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह नेले तेव्हा याची चुणूक दिसलीच. म्हणून दुसरं घर हवं. पोरबंदरजवळच्या बर्डा अभयारण्यात १८७९ नंतर पहिला सिंह पोचला तो जानेवारी २०२३ मध्ये, स्वतःच्या पायांनी. नंतर तिथे सिंहिणी नेऊन सोडल्या आणि आता छावेही आहेत. पुढच्या खेपेला कुठली सिंहीण न्यायची, हा प्रश्न वंशावळीशिवाय सुटत नाही. आधीच्या सिंहिणीची बहीण नेली तर डोकी वाढतील, रक्त तेच राहील. बर्ड्यात पहिल्या पिढीच्या प्रत्येक छाव्याचं कार्ड आणि केसाचा एक नमुना जपून ठेवला, तर वीस वर्षांनी तिथल्या सिंहांचे पूर्वज शोधायला कुणाला पर्यटकांचे जुने फोटो गोळा करत फिरावं लागणार नाही.